आशा आमच्याकडं आहे, तुम्ही तारीख सांगा

नोव्हेंबर २०२५ ची गोष्ट. आमच्या परंडा तालुक्यात सीना नदीला पूर येऊन दीड-दोन महिने झालेले, आणि एका मंगल कार्यालयात शेतकऱ्यांसाठी आणि पोरांसाठी प्रेरणा मेळावा ठेवलेला. मी लातूरला ज्युनिअर कॉलेजात शिकवतो, दिवाळीच्या सुट्टीनंतर एका कामासाठी गावी आलो होतो, चुलतभाऊ म्हणाला चल दादा, नुकसानीचं काहीतरी सांगणार आहेत म्हणतेत, म्हणून गेलो. हॉल भरलेला होता, बायका पण होत्या. पुढारी बोलले, मग पुण्याहून बोलावलेले एक मोटिवेशनल स्पीकर बोलले. दोघांचं बोलणं एकच होतं: संकटात संधी असते, पूर जमीन नेऊ शकतो पण जिद्द नेऊ शकत नाही, माइंडसेट बदला, नकारात्मक माणसांपासून लांब राहा. मग स्पीकरनं सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि सांगितलं की आता पाच वर्षांनंतरचं तुमचं शेत बघा, हिरवंगार, घरासमोर गाडी, लेकरं मोठ्या शाळेत, बघा, मनापासून बघा, जे मनात दिसतं ते जगात येतं.

माझ्या शेजारी बसलेल्या भावानं पण डोळे मिटले. सांगितलेलं ऐकायची सवय असलेला माणूस आहे तो. थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडं न बघताच हळू आवाजात म्हणाला, "दादा, डोळे मिटले की वाहून गेलेलं वावरच दिसायलंय."

त्या दिवसापासून हा लेख डोक्यात आहे. मला त्या स्पीकरचा राग नाही, त्याला बोलावलं, मानधन दिलं, तो बोलून गेला. मला राग आहे तो राज्यकर्त्यांनी ही भाषा उचलून आपली करून टाकल्याचा, आणि आपण ती ऐकून टाळ्या वाजवतो त्याचा. प्रश्न गंभीर आहे म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी भावाच्या रानाचा हिशोब बघू, कारण तो सोडून बोललं की सगळं हवेत जातं. त्याची जमीन सव्वादोन एकर, त्यातली तीस गुंठे नदीकडची. त्या तीस गुंठ्यांवरची माती गेली. पीक गेलं असं नाही, माती गेली, खालचा मुरूम आणि दगडगोटे वर आले. याला सरकारी भाषेत खरडून गेलेली जमीन म्हणतात. इंचभर माती तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षं लागतात, त्यामुळं ती परत आणायची म्हणजे तलावातला नाहीतर नदीकाठचा गाळ आणून पसरायचा. तीस गुंठे म्हणजे तीन हजार चौरस मीटर, एक फूट थर द्यायचा तर नऊशे घनमीटरच्या आसपास गाळ लागतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जेमतेम तीन घनमीटर मावतो, म्हणजे तीनशे खेपा. जेसीबीनं भरून, डिझेलसकट, आमच्या गावात खेपेला सहाशे रुपये पडतेत. एक लाख ऐंशी हजार झाले, आणि अजून बी-खत-पेरणी कशाचाच विषय नाही.

७ ऑक्टोबर २०२५ ला सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ३ लाख ४७ हजार म्हणून सांगितलं, सगळ्या चॅनेलवर तोच आकडा झळकला. पण त्याची फोड अशी होती की ४७ हजार रोख आणि ३ लाख मनरेगातून, म्हणजे रोजगार हमीच्या कामातून. भावाच्या तीस गुंठ्यांना रोख किती? १४ हजार १०० रुपये. उरलेले ९० हजार मनरेगाच्या कामातून, म्हणजे प्रस्ताव कोण करणार, मंजुरी कोण देणार, मजुरी आणि मशीनचं काय, गाळ उचलायची परवानगी कुणाकडं मागायची, कधी सुरू होणार, हे सगळे प्रश्न घेऊन तो माणूस त्या मेळाव्याला आलेला होता. हॉलमधला प्रत्येक जण असाच एकेक प्रश्न खिशात घेऊन आला होता. एक जण उठून बोलला पण, की ई-केवायसी झालंय, यादीत नाव आहे, तरी पैसे जमा नाहीत. स्टेजवरून उत्तर आलं की आजचा कार्यक्रम चांगला चाललाय, नकारात्मक बोलू नका, तुमचं काम होऊन जाईल. आणि लोकांनी त्याला खाली बसवलं! आपल्याच लोकांनी.

माझा आक्षेप इथं आहे. साधा व्यवहाराचा प्रश्न होता, त्याला तारीख हे उत्तर होतं, तारीख माहीत नसेल तर माहीत नाही हे पण उत्तर होतं. त्याऐवजी प्रश्न विचारणाऱ्याच्या स्वभावावर बोट ठेवलं गेलं. सेल्फ-हेल्पच्या विचाराची ही जुनी खोड आहे: जग जसं आहे तसंच राहू द्या, बदलायचं फक्त तुमच्या डोक्यात. एकट्या माणसाला एखाद्या वेळेस त्याचा आधार मिळत असेल, मी नाही म्हणत नाही. पण ज्याच्या हातात तिजोरी आहे, कलेक्टर आहे, कायदा करायची ताकद आहे त्यानंच हे सांगायला लागलं तर त्याचा अर्थ वेगळा होतो. मग ती जबाबदारीची अदलाबदल होते, सरकारचं काम माणसाच्या मनावर ढकललं जातं आणि काम झालं नाही तर मन कमी पडलं असं ठरतं.

ही भाषा काही एका पक्षाची नाही हे आधीच सांगतो, म्हणजे कुणी लगेच झेंडा बघायला नको. मराठवाड्यात दर १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन असतो, मुख्यमंत्री छत्रपती संभाजीनगरला सिद्धार्थ उद्यानात झेंडावंदनाला येतात, भाषण होतं. माझ्या लहानपणापासून आठवतंय तेव्हापासून त्या भाषणात मराठवाडा उद्या बदलणार असतो. पक्ष बदलले, शहराचं नाव बदललं, पण मराठवाड्याचा तो उद्या काही सरकला नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये मंत्रिमंडळाची बैठक तिथं झाली, सुमारे ४९ हजार कोटींच्या घोषणा झाल्या. १६ सप्टेंबर २०२३ ला परत बैठक झाली, सुमारे ५९ हजार कोटींच्या घोषणा झाल्या, त्यात १४ हजार कोटी सिंचनाचे. आता साध्या माणसानं विचारायचं ते एवढंच, की दुसरी यादी वाचायच्या आधी पहिल्या यादीतल्या एकेका ओळीपुढं काय झालं ते वाचून दाखवा. घरात आपण लग्नाचा खर्च सुद्धा असा लिहितो, किती ठरले, किती गेले, कुणाचे द्यायचे राहिले. इथं तर हजारो कोटींचा विषय आहे.

पाण्याचं बघा. मराठवाड्याच्या पुढच्या पिढीला दुष्काळ बघायला लागणार नाही असं आम्हाला सांगितलं गेलं, एकदा नाही, कितीदा तरी. अकरा धरणं पाइपलाइननं एकमेकांना जोडणारी वॉटर ग्रिड सांगितली गेली, पश्चिमेकडं वाहून जाणारं पाणी गोदावरीत आणायचं सांगितलं गेलं. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार आलं, तेव्हा घोषवाक्यातच २०१९ पर्यंत टंचाईमुक्त महाराष्ट्र असं होतं. त्या योजनेत बऱ्याच गावात लोकांनी मन लावून काम केलं, नाले खोल झाले, मी स्वतः श्रमदानाला गेलोय, त्यामुळं सरसकट वाईट म्हणणार नाही. पण ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यातल्या १५१ तालुक्यात दुष्काळ जाहीर करायला लागला, आणि २०२० मध्ये कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या यंत्रणेचा, अहवाल विधिमंडळात आला त्यात लिहिलं होतं की ९,६३३ कोटी खर्चून सुद्धा पाण्याची गरज भागवण्यावर आणि भूजल पातळी वाढण्यावर फारसा परिणाम दिसला नाही. टंचाईमुक्त म्हणून जाहीर झालेल्या गावाला टँकर मागायला किती अवघड जातं ते सरपंचांना विचारा. कागदावर तुम्ही मुक्त झालेले असता ना, मग टँकर कशाला! नुसत्या गोड बोलण्यानं काय बिघडतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे उदाहरण आहे. बोलणं कागदावर जातं, कागद फाइलीत जातो, आणि ती फाइल मग खऱ्या तहानलेल्या माणसाच्या आडवी येते.

लातूरकरांना २०१६ आठवत असेल. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती, घागरीवरून भांडणं होतील म्हणून. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, नंतर पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. शहराची नामुष्कीच ती, हे खरंय. पण आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका त्या गाडीला हात जोडत होत्या, कारण ते पाणी लिटरमध्ये मोजता येत होतं. त्या उन्हाळ्यात मला कुणाचं एकही भाषण आठवत नाही, गाडी आठवते.

आणि मग मला १९७२ बद्दल बोलावंच लागेल, कारण आशा म्हणजे काय असते हे मराठवाड्यानं तेव्हा बघितलंय. माझे आजोबा-आजी दोघंही खडी फोडायला गेलेले. आजी सांगायची, लाल मिलोची भाकरी घशाखाली उतरायची नाही, लेकरांना सुकडी मिळायची, दिवसभर उन्हात हातोडा, पण संध्याकाळी हजेरी लागायची आणि आठवड्याला पगार व्हायचा. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. वि. स. पागे नावाच्या माणसानं त्याच्या आधीच, साठच्या दशकात, सांगली जिल्ह्यात तासगावकडं रोजगाराच्या हमीचा छोटा प्रयोग करून बघितला होता, दुष्काळात ती कल्पना राज्यभर गेली, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि पुढं २००५ मध्ये देशानं तसाच कायदा केला. या सगळ्याला पैसा कुठनं आला? शहरातल्या आणि पगारदार माणसावर व्यवसाय कर लावला. आजही माझ्या पगारातून दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, स्टाफरूममधल्या पोरांना माहीत पण नसतं की हे कशाचं. मी त्यांना सांगतो, हे बहात्तरच्या दुष्काळाचं आहे बाबांनो, एका पिढीनं दुसऱ्याला काम मिळावं म्हणून स्वतःच्या पगाराला हात लावू दिला.

बहात्तरच्या लोकांना कुणी डोळे मिटायला लावले नव्हते. काम मागायचा हक्क दिला, त्याला पैसा दिला, चुका झाल्या, हजेरी पत्रकात खोटी नावं पण घुसली, तरी त्या हक्काच्या पाठीमागं पुढं कायदा उभा राहिला. जायकवाडी धरणाचं पण तेच. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण, मधली अकरा वर्षं सिमेंट, माती, मजूर आणि विस्थापित झालेल्या गावांचं दुःख. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची किंमत अजून पुरती चुकती झाली नाही असं मला वाटतं. पण स्वप्न होतं तसं बांधकाम पण होतं.

आता काळजीचा भाग सांगतो, कारण मी मास्तर आहे आणि मला रोज पोरं दिसतात. ही सेल्फ-हेल्पची भाषा आता पोरांच्या तोंडात पूर्ण बसलीय. लातुरात गल्लोगल्ली क्लास, प्रत्येक क्लासच्या भिंतीवर असली वाक्यं, हॉस्टेलच्या खोलीत आरशावर चिकटवलेली चिठ्ठी की मी डॉक्टर आहे. होणार आहे असं पण लिहायचं नाही म्हणे, आहेच असं लिहायचं, तसं लिहिलं की विश्व तुम्हाला ते देतं. बीड, हिंगोली, परभणीकडची पोरं, बापानं कर्ज काढून पाठवलेली. मार्क कमी पडले की त्यातलं पोरगं मला येऊन म्हणतं, सर, मी मनापासून विश्वास ठेवला नाही वाटतं. ऐकून पोटात तुटतं. अरे, तुझ्या गावातल्या शाळेला चार वर्षं विज्ञानाचा शिक्षक नव्हता, सीटा किती आणि बसणारे किती ते बघ, यात तुझ्या विश्वासाचं काय आलं! पण त्याला कुणी हे सांगतच नाही. यश विचारातून येतं असं एकदा मान्य केलं की अपयशाचा ठपका पण विचारावरच येतो, त्याच्यातून सुटका नाही.

मानसशास्त्रात यावर चांगलं काम झालेलं आहे. गॅब्रिएल ओटिंगन नावाच्या संशोधक बाईंनी वर्षानुवर्षं हाच प्रश्न अभ्यासला. वजन कमी करायच्या कार्यक्रमातल्या बायकांवर त्यांचा १९९१ चा अभ्यास आहे: आपल्याला हे जमेल असा हिशोबी भरवसा ज्यांना होता त्यांचं वजन जास्त घटलं, पण ज्या बारीक झालेल्या स्वतःची गोड चित्रं मनात रंगवत बसल्या त्यांचं कमी घटलं. नोकरी शोधणाऱ्या पदवीधर पोरांवर पण २००२ मध्ये अभ्यास छापून आला, त्यात जी पोरं यशाची दिवास्वप्नं जास्त बघत होती त्यांना दोन वर्षांनी नोकरीच्या ऑफर कमी आल्या होत्या आणि पगारही कमी होते. म्हणजे भरवसा वेगळा आणि स्वप्नरंजन वेगळं. भरवसा अनुभवावर उभा राहतो, गेल्या वेळेस झालं म्हणून यंदा होईल. स्वप्नरंजनात मनाला आधीच मिळाल्यासारखं वाटतं आणि हातपाय ढिले पडतात. मला वाटतं राज्यांचं पण असंच होतं. घोषणा झाली, बॅनर लागला, फटाके वाजले, पेपरात पहिल्या पानावर आलं, आणि काम झाल्याचं समाधान सगळ्यांना आधीच मिळून गेलं, मग ते काम करायची घाई कुणाला राहणार?

सोयाबीनचं उदाहरण घ्या, कारण लातूरची बाजारपेठ त्यावरच चालते. २०२१ च्या उन्हाळा-पावसाळ्यात भाव दहा हजारांच्या घरात गेला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रानं १२ लाख टन जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेली, सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, नवा माल आला, खाद्यतेलाच्या आयात शुल्कातही कपात झाली आणि दिवाळीपर्यंत भाव पाच हजारांच्या आसपास आला. पुढं कित्येकांनी भाव येईल, पॉझिटिव्ह राहा म्हणत पोती घरात ठेवली, उंदरांनी खाल्ली, व्याज चढलं. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात चार हजार, सव्वाचार हजारानं माल जात होता. यात शेतकऱ्याचा माइंडसेट कुठं बदलायचा? भाव आयात शुल्कानं हलतो, पेंडीच्या बाजारानं हलतो, खरेदी केंद्र कधी उघडतं आणि ओलावा किती टक्के धरतं त्यानं हलतो. हे सगळे निर्णय माणसं घेतात, दिल्लीत आणि मुंबईत, टेबलावर बसून. त्या टेबलावरच्या माणसानं शेतकऱ्याला मन खंबीर ठेव म्हणावं हे मला फार अन्यायाचं वाटतं.

एक गोष्ट उलट बाजूची पण सांगतो. २०२४ च्या विधानसभेला जाहीरनाम्यात कर्जमाफी होती. मार्च २०२५ मध्ये तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी जाहीर सांगून टाकलं की ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरून घ्या. लोक चिडले, मी पण चिडलो, वचन मोडल्यासारखंच होतं ते. पण नंतर शांत डोक्यानं विचार केला तर वाटलं, निदान तारीख तरी सांगितली. माणसाला बँकेत जायचं का सोनं गहाण टाकायचं का भांडायचं, काय ते ठरवता आलं. कडू पण स्पष्ट बोलण्यावर माणूस पाऊल टाकू शकतो. होऊन जाईल, यावर टाकता येत नाही.

आणि याची किंमत मोजणारी माणसं आहेत. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदीप्रमाणे २०२३ या एका वर्षात मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या, एकट्या बीड जिल्ह्यात २६९. या आकड्याबद्दल बोलताना पण आजकाल मनोबल, सकारात्मकता, व्यसन असेच शब्द जास्त ऐकू येतात. मनाच्या आजाराला उपचार पाहिजेतच, त्यात दुमत नाही. सरकारचाच प्रेरणा प्रकल्प आहे, विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यात, आशाताई घरोघर जाऊन विचारपूस करतात, समुपदेशन असतं, ते चांगलं काम आहे आणि वाढवलं पाहिजे. पण डॉक्टरनं बघणं वेगळं आणि पुढाऱ्यानं स्टेजवरून खचू नका म्हणणं वेगळं. जिच्या घरातलं माणूस असं गेलंय त्या बाईला जाऊन विचारा, ती सावकाराचा आकडा सांगेल, बँकेच्या नोटिशीची तारीख सांगेल, मुलीच्या लग्नाला किती घेतले होते ते सांगेल. त्याच बीडमधल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली तेव्हा ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीच्या दिवसात खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, उचल फिटत नाही, फडात ना संडास ना पाणी. त्या बाईला तुम्ही कोणता सकारात्मक विचार शिकवणार?

लोक मला म्हणतात, मग काय सर, रडतच बसायचं का, पुढाऱ्यानं धीर द्यायचाच नाही का? द्यावा की! धीर तर दिलाच पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, मी तेव्हा शाळेत होतो, आमच्याकडं पण भांडी पडली होती. हजारो माणसं गेली. मुख्यमंत्री त्याच दिवशी तिथं पोचले, आणि नुसते पोचून थांबलं नाही, पुढं ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. त्या पुनर्वसनाबद्दल तक्रारी आहेत, घरं लोकांच्या राहणीला साजेशी नव्हती, वाड्या-गल्ल्यांची वीण तुटली, सगळं खरं. तरी कुठलं गाव, किती घरं, कधीपर्यंत, हे मोजता येत होतं, आणि मोजता येत होतं म्हणूनच तक्रार पण करता येत होती. असा धीर मला मान्य आहे.

राहता राहिली आमची आशा. जून कोरडा गेला, पेरलेलं करपलं, की आमचा माणूस उसनंपासनं करून परत पेरतो. दुबार पेरणी म्हणतात त्याला. ज्याच्या घरात पेरायचं बी दोनदा विकत आणलं जातं त्याला आशावाद शिकवायला पुण्याहून माणूस आणायची काय गरज आहे?

मला जे मागायचंय ते अवघड नाही. संविधानात कलम ३७१(२) आहे, त्यात मराठवाड्यासाठी वेगळं विकास मंडळ आणि त्या मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढं ठेवायची तरतूद आहे. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये अनुशेष, म्हणजे विकासात मागं राहिलेली बाकी, मोजला होता, तेव्हा मराठवाड्याचा ७५० कोटींच्या आसपास निघाला होता. म्हणजे मोजणारी माणसं होती, मोजायची रीत होती. १९९४ मध्ये मंडळं आली, आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं ती परत आणायचं ठरवलं, त्याअर्थी गरज सरकारलाही पटलेली आहे. ती मंडळं दुबळी होती, पैसे वळवले जायचे, हे मला माहितीय. पण हिशोब मागायची एक जागा होती. हिशोबाची जागा रिकामी राहिली की तिथं भाषण येऊन बसतं, गेली काही वर्षं आपण तेच बघतोय. म्हणून माझं म्हणणं आहे की १७ सप्टेंबरच्या भाषणाची पहिली पंधरा मिनिटं जुन्या घोषणांच्या यादीला द्यावीत, काय झालं, काय अडलं, कशामुळं अडलं, आता कधी होणार. पक्ष कुठलाही असो. नवीन स्वप्न त्याच्यानंतर सांगा, आम्ही ऐकू, टाळ्या पण वाजवू.

विकसित महाराष्ट्र २०४७ असं आता सगळीकडं लिहिलेलं दिसतं, ट्रिलियन डॉलरची इकॉनॉमी रोज कानावर पडते. दूरचं बघू नये असं मी म्हणत नाही. पण माझा भाऊ आज ४१ वर्षांचा आहे, २०४७ ला तो ६३ चा असेल. त्याला येत्या जूनच्या आत तीनशे खेपा टाकायच्या आहेत.

मेळावा सुटल्यावर आम्ही रानात गेलो. त्यानं स्वतःच्या पैशानं गाळ टाकायला सुरुवात केलेली होती, बायकोचं मंगळसूत्र पतसंस्थेत ठेवून. खिशात एक छोटी वही, त्यात तारीखवार खेपा लिहिलेल्या, कुणाचा ट्रॅक्टर, किती दिले, किती राहिले. तोपर्यंत ४६ झाल्या होत्या. म्हणाला, दादा तू मास्तर आहेस, तहसीलला चांगला अर्ज लिहून दे, ते मनरेगाच्या तीन लाखाचं काय झालं म्हणून. मी तिथंच बांधावर बसून लिहायला घेतला. गट नंबर लिहिला, तीस गुंठे लिहिले, पंचनाम्याची तारीख लिहिली. शेवटी सवयीनं तरी कृपया सहकार्य करावे ही नम्र विनंती असं लिहायला लागलो तर त्यानं थांबवलं. विनंती नको, म्हणाला, खुलासा करावा असं लिही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन प्रती घेऊन तहसीलला गेलो. एक दिली, दुसरीवर पोच घेतली. शिक्का पुसट उठला होता, तारीख दिसत नव्हती, म्हणून त्यानं क्लार्कला परत एकदा शिक्का मारायला लावला आणि तो कागद घडी करून खेपांच्या वहीत ठेवला.